टोकाला नसलेली हिरवी पेटी

आमच्या गल्लीत चष्म्याचं एक दुकान आहे. पुढे काउंटर, भिंतीवर ओळीनं लावलेल्या फ्रेमा, आणि मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र. त्या यंत्राच्या घरघरीत बाजूच्या टेबलाशी बसून दुकानदाराची बायको कोडी रचायची. शनिवारच्या पुरवणीत तिचं एक कोडं कित्येक वर्षं येत होतं. म्हणून सगळी गल्ली तिला कोडेवहिनी म्हणायची. तिचा नवराही गिऱ्हाईकांसमोर चुकून तसंच म्हणायचा आणि मग ओशाळायचा.

मी समोरच चाव्या बनवते. माझ्याकडे काम नसलं की मी तिच्याकडे जाऊन बसायची, म्हणून यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि उरलेलं तिच्याच तोंडून ऐकलेलं.

एरवी ती साधीसुधी बाई. पण कोड्याच्या बाबतीत तिचं नाक फार तिखट. वाचक आपापली कोडी तिला पाठवायचे. त्यात एखादं लबाडीचं निघालं, म्हणजे पानभर हिशेब करायला लावून शेवटी ‘तो माणूस मुळात खोलीत नव्हताच’ असं सांगणारं, की नासलेलं दूध हुंगल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा.

“शी!” म्हणायची. “कोड्यात फसवायचं असतं गं, लुबाडायचं नसतं. ज्याला विचारलं, त्याच्या हातात सगळं दिलेलं असायला हवं. त्याला दिसलं नाही तर त्याचं नशीब. पण मी दिलंच नाही, तर ती माझी चोरी.”

कोडं छापायला जाण्याआधी ते सासऱ्यांच्या हाताखालून जायचं. म्हातारा जुना शिंपी. हात थरथरायला लागल्यावर कात्री सुटली, पण डोकं सुटलं नव्हतं. त्यांना कोडं अजिबात सुटलं नाही तर ते रद्द. चहा निवायच्या आत सुटलं तरी रद्द.

एकदा तिनं घातलं होतं, “चार गिऱ्हाईकांचे चष्मे एकमेकांत मिसळले. घाईत ज्याला जो मिळाला तो त्यानं उचलला. नेमके तिघांनाच स्वतःचे चष्मे मिळाले, चौथ्याला दुसऱ्याचा. असं किती तऱ्हांनी होऊ शकेल?”

म्हातारबुवांनी काउंटरवर चार फ्रेमा मांडल्या. इकडची तिकडे, तिकडची इकडे. बोटांवर मोजलं, पुसलं, परत मोजलं. मग एकदम थांबले आणि पोट धरून हसायला लागले. “अगं सूनबाई, तिघांनी आपापले घेतल्यावर चौथ्याला उरणार त्याचाच! कुठल्याच तऱ्हेनं नाही! फसवलंस म्हाताऱ्याला!”

“फसवलं, बाबा. लुबाडलं का?”

“छे छे. चारही चष्मे समोरच तर होते.”

असं ते घर होतं. त्या घरात तिच्या नणंदेचे यजमान एक दिवस मिठाईचा डबा घेऊन आले.

हे गृहस्थ बुटांच्या एका मोठ्या गोदामात कामगार अधिकारी होते. बोलणं असं की शब्दाशब्दाला साखर पेरलेली. बसल्या बसल्या त्यांनी कोडेवहिनीचं इतकं कौतुक केलं, की यंत्रावर बसलेल्या तिच्या नवऱ्यानंही मान वर करून पाहिलं.

“वहिनी, तुमच्यासारखं डोकं आमच्या गोदामाच्या कामी यावं असं फार वाटतं. आम्ही पॅकिंगवाल्यांची एक चाचणी घेतोय. पेट्या कशा रचायच्या, कुठली कुठे जायची, एवढी समज आहे का, ते बघायला. पाच सोपी कोडी द्या. तुमचं नाव वर छापू. घरातलं माणूस म्हणून हक्कानं सांगतोय.”

“नापास झाले तर?” तिनं विचारलं.

“तर शिकवू की! नापास करायला का कोण चाचणी घेतं?”

तिला बरं वाटलं. आपलं कोडं शनिवारच्या चहाबरोबर वाचून रद्दीत जातं, इथे ते कुणाच्या तरी कामाला येईल. तिनं मन लावून पाच कोडी केली. त्यातलं शेवटचं असं होतं:

फळीवर चार पेट्या एका ओळीत आहेत. लाल, निळी, पिवळी आणि हिरवी. लाल पेटी निळीला लागून, तिच्या डाव्या हाताला आहे. पिवळी टोकाला नाही. हिरवी टोकाला आहे. लालही टोकाला नाही. तर डावीकडून पेट्यांचा क्रम सांगा.

सासऱ्यांनी ते ऐकता ऐकताच सोडवलं. “पिवळी आणि लाल टोकाला नाहीत, म्हणजे त्या मधल्या दोन जागांवर. लालच्या उजवीकडे निळी हवी. म्हणजे हिरवी, पिवळी, लाल, निळी. पण सूनबाई, ‘हिरवी टोकाला आहे’ ही ओळ कशाला? तिच्यावाचून सुटतंय की. जास्तीचं कापड आहे हे.”

“असू दे, बाबा. गोदामातली माणसं परीक्षेला बसणार. घाबरलेल्या माणसाला हात धरायला काहीतरी लागतं. ती ओळ त्यासाठी.”

चाचणी झाली. मिठाईचा आणखी एक डबा आला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी तळमजल्यावर राहणारी बाई दुकानात शिरली. ती त्याच गोदामात पॅकिंगला होती. केस पिकेपर्यंत तिनं तिथे बुटांचे जोड लावले होते, गुडघे तिथेच झिजवले होते. मी तेव्हा तिथेच बसले होते.

“काय गं,” ती दारातूनच म्हणाली, “मी तुझं काय वाईट केलं होतं?”

कोडेवहिनी चपापली. “का? काय झालं?”

“तुझं ते पेट्यांचं कोडं! नाव तुझंच होतं वर, ठळक. शेवटचं कोडं चुकलं की नापास, आणि नापास की घरी. पोटावर पाय आणायचा होता तर निदान सुटेल असं तरी काहीतरी घालायचंस.”

“घरी म्हणजे?”

“काढलं मला. मला एकटीला नाही, मागच्या बाकांवरच्या आम्हा सगळ्याच जुन्यांना. पुढची तरणी पोरं पास झाली.”

कोडेवहिनीला आधी आपल्या कोड्याचा अपमान वाटला. तिनं हातातली पेन्सिल ठेवली आणि जरा शिष्टपणेच म्हणाली, “अहो, पण ते तर सोपं होतं. तुम्ही नीट वाचलं नसेल.”

“नीट वाचलं नसेल?” बाईचा आवाज चढला. “मला तोंडपाठ झालंय ते! झोपेतही म्हणते मी. लाल निळीला लागून डावीकडे. पिवळी टोकाला नाही. हिरवी टोकाला नाही. लालही टोकाला नाही.”

“हिरवी टोकाला आहे.”

“नाही!”

“आहे, असं लिहिलंय मी.”

“आणि मी ‘नाही’ असं वाचलंय. डोळे अजून शाबूत आहेत माझे, तुझ्या नवऱ्यानंच तपासलेत.”

यंत्राची घरघर थांबली. सासरे कोपऱ्यात बसले होते, ते हळूच म्हणाले, “पिवळी नाही, हिरवी नाही, लाल नाही. टोकाला न जाणाऱ्या तीन पेट्या झाल्या. आणि मधल्या जागा दोनच.”

कोडेवहिनीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी पाहिला. ती उठली, मागच्या मोरीवर गेली, आणि आतून ओकारीचा आवाज आला. परत आली तेव्हा पदरानं तोंड पुसत होती. त्या बाईला एवढंच म्हणाली, “तुमचं चुकलं नाही. त्याला उत्तरच नाही.”

बाईला ते पटलं नाही. तिला वाटलं, आपली समजूत घालताहेत.

संध्याकाळी कोडेवहिनी नणंदेकडे गेली. यजमान चहा पीत बसले होते. बिस्किट चहात बुडवायचे, ते मऊ होऊन लोंबायला लागलं की मान पुढे करून तोंडात घ्यायचे, आणि हनुवटीवर ओघळलेलं बोटानं पुसून ते बोट चोखायचे. एरवी तिनं हे शंभरदा पाहिलं असेल. त्या दिवशी मात्र तिला तिकडे बघवेना.

“भावजी, माझं कोडं कुणी बदललं?”

त्यांनी आढेवेढेही घेतले नाहीत. याचीच तिला जास्त शिसारी आली, असं ती नंतर म्हणाली. निदान दचकायचं तरी.

“बदललं कुठे, वहिनी? तुमचं आहे तसं पुढच्या बाकांना दिलं. जुन्यांना मागे बसवलं होतं, त्यांचा संच जरा कठीण केला, इतकंच. एक शब्द तर इकडचा तिकडे.”

“कठीण नाही, अशक्य केलंत.”

“तेच ते.” ते हसले. “अहो, या लोकांना सरळ काढायचं म्हटलं की आरडाओरडा, मोर्चे, वकील. वर्षानुवर्षं चिकटलेली माणसं ती. एकाचे गुडघे दुखतात, एकीला बसायला खुर्ची हवी. आता बघा, एकानंही तोंड उघडलं नाही. प्रत्येकाला वाटलं आपलंच डोकं कमी. मान खाली घालून सह्या केल्या आणि गेले. सुंठीवाचून खोकला गेला!” आणि पुढचं बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, “खरं सांगू? ही तुमच्याच नावाची पुण्याई. दर शनिवारी तुमचं कोडं सोडवणारी माणसं ती. तुमचं कोडं खोटं असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.”

नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. ती म्हणाली, “वहिनी, घरातली गोष्ट घरात राहू दे. यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.”

“तुझ्या घरचा चहा मी घेतला नाही, ते बरं झालं,” कोडेवहिनी म्हणाली आणि निघाली. रस्त्यानं येताना ती दोनदा थुंकली. जी बाई रस्त्यावर थुंकणाऱ्यांना हटकायची, ती.

पुरवणीच्या संपादकाकडे ती दुसऱ्या दिवशी गेली, की हे छापा. त्यांनी कानावर हात ठेवले. गोदामाच्या जाहिराती त्याच पुरवणीत यायच्या. “तुम्ही कोडी द्या, भानगडी नकोत,” असं म्हणून त्यांनी तिच्यापुढे तोंड गोड करायला एक खडीसाखरेचा खडा ठेवला. तिनं तो तिथेच टेबलावर राहू दिला.

मग तिनं जे केलं ते तिच्या स्वभावाला मुळीच धरून नव्हतं. चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं तरी तिचे हात गार पडायचे. पण तिनं बुटांची चार रिकामी खोकी मिळवली. सासऱ्यांनी जुन्या बोचक्यातून लाल, निळं, पिवळं, हिरवं कापड काढलं, आणि थरथरत्या हातांनी का होईना, खोक्यांवर असं ताणून बसवलं की एक सुरकुती दिसेल तर शपथ. दुपारच्या पाळीच्या सुट्टीला आम्ही गोदामाच्या फाटकाबाहेर गेलो. ती, सासरे, तळमजल्यावरची बाई आणि मी. नवरा दुकान बंद करून मागून आला.

फुटपाथवर तिनं खोकी मांडली. शेजारी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत कोडं लिहून ठेवलं, मागच्या बाकांना दिलं होतं तसं. आणि उभी राहिली. तोंडातून शब्द फुटेना.

पहिला आला तो फाटकावरचा रखवालदार, आम्हाला हुसकायला. “उचला हे. इथे दुकान मांडायचं नाही.”

“दुकान नाही,” सासरे म्हणाले. “कोडं आहे. सोडवा आणि आम्हाला घालवा.”

रखवालदारानं पुठ्ठा वाचला. “त्यात काय एवढं,” म्हणून वाकला. लाल-निळी जोडीनं उचलून ठेवली. हिरवी मध्ये घातली तर पिवळी टोकाला गेली. पिवळी मध्ये घेतली तर हिरवी बाहेर. दोघींना मध्ये घातलं तर लाल टोकाला. तो मांडी ठोकून खालीच बसला. सुटलेली पाळी भोवती जमा झाली. “अरे असं नाही, तसं कर,” म्हणत दुसरा पुढे सरसावला, मग तिसरा. काढलेल्यांपैकीही काही जण कुणाकुणाकडून ऐकून आले होते. ते लांब उभे होते, मान खाली घालून. आपला मूर्खपणा परत चव्हाट्यावर मांडलाय असं त्यांना वाटत असावं.

तेवढ्यात पुढच्या बाकावरचा एक तरणा पॅकर पुठ्ठा वाचून म्हणाला, “हे चुकीचं लिहिलंय. आमच्यात ‘हिरवी टोकाला आहे’ असं होतं.”

“आमच्यात ‘नाही’ होतं,” लांबून एक म्हातारा म्हणाला.

“आमच्यातही.”

“माझ्यातही ‘नाही’च.”

आता कुठे कोडेवहिनीचा आवाज फुटला. ती ओरडली नाही. “मी ‘आहे’ लिहिलं होतं. तुमच्यापुरतं ते बदललं. मधल्या जागा दोन आणि टोकाला न जाणाऱ्या पेट्या तीन. मला सुटणार नाही, यांना सुटणार नाही, ज्यानं बदललं त्यालाही सुटणार नाही. तुम्ही ढ नाही. तुम्हाला लुबाडलंय, आणि माझं नाव वापरून लुबाडलंय.”

रखवालदारानं हातातली पिवळी पेटी अशी खाली ठेवली, जणू तिला काही चिकटलं होतं.

तळमजल्यावरची बाई फुटपाथच्या कडेला बसली आणि रडायला लागली. मला वाटलं नोकरीसाठी रडतेय. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, “पोरीला सांगितलं गं मी. म्हटलं, आईचं डोकं आता चालत नाही, घरातले व्यवहार तू बघ. तिनं बघायला घेतलेसुद्धा. माझ्या हातातली पिशवी घेते ती आता, वाट चुकेन म्हणून.”

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. काचेच्या केबिनीतून माणसं उतरली, आवाज चढले, कुणीतरी फोनवर चित्रण केलं आणि ते गावभर फिरलं. गोदामानं फाटकावर कागद लावला, की छपाईच्या दोषामुळे काही कर्मचाऱ्यांची गैरसोय झाली, दिलगीर आहोत, फेरचाचणी घेण्यात येईल. छपाईचा दोष! जणू तो ‘नाही’ शाईतून आपणहून उगवला होता. आणि दोषही कसा शहाणा, बरोब्बर मागच्या बाकांवरच जाऊन बसला.

फेरचाचणीचं कोडं तळमजल्यावरच्या बाईनंच येऊन सांगितलं. ‘एका पेटीत बुटांचा एक जोड मावतो, तर दोन पेट्यांत किती जोड मावतील?’

“वाचलं आणि अंगावर पाल पडल्यासारखं झालं,” ती म्हणाली. “आधी गळा दाबला, आता गालगुच्चा घेतात. समोरचा साहेब कसा गोड हसत होता, म्हणाला, सावकाश सोडवा हं, आजी.”

“मग?”

“मग काय. लिहिलं ‘दोन’. घर चालवायचंय. पण पेन ठेवल्यावर हात धुऊन आले.”

ती कामावर परत गेली. सगळे गेले नाहीत. फाटकाबाहेर लांबून पहिल्यांदा बोललेल्या त्या म्हाताऱ्यानं उत्तरपत्रिका कोरी ठेवली आणि सरळ घरी गेला. नणंदेच्या यजमानांचं काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. त्यांना दुसऱ्या, मोठ्या कचेरीत हलवलं. प्रकरण फार न वाढता निस्तरलं म्हणून वरचे खूशच होते म्हणे.

कोडेवहिनीनं शनिवारचं सदर बंद केलं. मला म्हणाली, “कोडं लिहायला बसले की तो चेहरा येतो. माझं कोडं घेऊन कोण काय करेल, या विचारानंच मळमळतं.” टेबलावर तिनं डाळ निवडायला सुरुवात केली. घरातलं बोलणंच आटलं.

त्यातून तिला बाहेर काढलं ते सासऱ्यांनी, आणि तेही मुद्दाम नाही. म्हाताऱ्याला कोड्यावाचून करमेना. मुलानं दिलेल्या फोनवर ते मिळतील ती कोडी सोडवायला लागले आणि मोठ्यानं वाचायला लागले. “शंभरातले नव्व्याण्णव इथे चुकतात! तुम्ही हुशार असाल तरच पुढे जा!” खाली केळी, नारळ आणि कुत्र्यांची बेरीज. एका चित्रात केळी चार, दुसऱ्यात तीन, आणि ती पण धूसर. नाहीतर अशी गणितं, की कंस कुठे ते सांगितलेलंच नाही आणि खाली हजार माणसं एकमेकांची आई-बहीण काढताहेत.

ती डाळ निवडत ऐकायची. आधी नाक मुरडायची, मग दात खायची. एक दिवस सासऱ्यांनी वाचलं, “एका बाईला पाच मुली, पाचवीचं नाव काय? उत्तर पाहण्यासाठी जाहिरात बघा,” आणि तिनं डाळीचं ताट बाजूला सरकवलं.

“बंद करा ते, बाबा! कचराकुंडीत तोंड घातल्यासारखं वाटतंय.”

“मग तू दे काहीतरी चांगलं. उपाशी माणूस काय वाटेल ते खातो.”

त्या दिवशी तिनं पेन्सिल हातात घेतली. सदर तिनं दुसऱ्या एका लहानशा साप्ताहिकाला दिलं, जिथे मानधन जवळजवळ नाहीच. पण कोडं छापून आलं की ती शब्दन् शब्द ताडून बघते, ‘आहे’ आणि ‘नाही’वर बोट ठेवून.

परवा नणंदेचे यजमान दुकानात आले. मी एका कुलपासाठी त्यांच्या यंत्राचं थोडं तेल मागायला तिथेच होते. त्यांचा नंबर वाढला होता. कोडेवहिनीचा नवरा मुकाट माणूस. त्यानं गिऱ्हाईक म्हणून डोळे तपासले, गिऱ्हाईक म्हणून फ्रेमा दाखवल्या. एरवी नातेवाइकाला चहा सांगतो, तो सांगितला नाही.

ती मागच्या खोलीतून बाहेर आली आणि त्यांना पाहून जागच्या जागी थांबली.

“काय वहिनी,” ते तसेच साखरेत घोळवून बोलले, “अजून राग आहे? झालं गेलं सोडा की. शेवटी एक कोडंच तर होतं.”

“राग नाही,” ती म्हणाली. “राग केव्हाच गेला.”

“मग?”

ते जरा वेळ हसरं तोंड तसंच धरून उभे राहिले, मग पावती घेऊन गेले. दार बंद झाल्यावर तिनं ओलं फडकं आणलं आणि त्यांचे हात टेकले होते तिथे काउंटरची काच पुसायला लागली.

“आत्ताच पुसलीय मी,” नवरा म्हणाला.

“असू दे,” ती म्हणाली, आणि पुसत राहिली.